संजू, त्याला सांग!

बेंजो पार्टीत गाणी बसवावी लागतात, किस्से आपोआप साचतात! बोईसर-पालघरच्या हळदींत आमची पार्टी फेमस. बेंजोवर जगदीशदादा, ऑक्टोपॅडवर हेमंतदादा, कीबोर्डवर मी. हेमंतदादाला ठेका जलद हवा, जगदीशदादाला संथ; यावरून दोघांचं वाजलं आणि बोलणं बंद झालं. तेव्हापासून निरोप्या मीच!

*

टेम्पोत मी नेहमी मधे. वैतरण्याहून येताना मला डोळा लागला. उठून बघतो, तर खिडकी अर्धी बंद, अर्धी उघडी.

"ये किसने किया?" मी ड्रायव्हरला विचारलं.

तो वैतागला होता. "आप सो गए, तो दोनों मेरेको बोलने लगे! एक बोला खोल, एक बोला बंद कर!"

*

नव्या बॅनरवर हेमंतदादाचा फोटो मोठा आला. पुढच्या हळदीला जगदीशदादाने स्पीकर उचलून बरोबर त्या फोटोपुढे ठेवला.

"आवाज इथनंच चांगला येतो!"

*

कोळगावच्या एका पार्टीने जगदीशदादाला एकट्याला बोलावलं. ऑक्टोपॅडवाला त्यांचा.

"आमचाच पायजे," जगदीशदादा म्हणाला.

"पण तुमी तर बोलत नाय!" त्यांचा माणूस म्हणाला.

"त्याला वाजवायला नेतो, बोलायला नाय!"

मला मात्र धास्ती होती. पार्टी फुटली, तर माझ्या आयुष्यात कंपनीची शिफ्ट तेवढी उरली असती.

*

मग हेमंतदादाच्या मुलीची हळद आली, तारापूरला. आमच्यात रीत आहे, घरची हळद असली की त्या माणसाने वाजवायचं नाही, नाचायचं. ऑक्टोपॅडवर बदली पोरगा बसवला. जगदीशदादा येईल का, हीच मला काळजी. तो आला, कोणाकडे न बघता बेंजो लावला.

नवरीचं गाणं सुरू झालं. बदली पोराचा ठेका जुळेना, जगदीशदादाने मधेच थांबवलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबवलं. मग तो माइकवर म्हणाला, "संजू, नवरीच्या बापाला सांग, येऊन बस."

निरोप द्यायची गरजच पडली नाही. हेमंतदादा कोपरापर्यंत हळदीने माखलेला, तसाच येऊन बसला. ठेका धरला, तो संथ! नवरी रडत रडत नाचली. मीही रडलो, कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी सामान आवरताना मी ओलं फडकं घेतलं. ऑक्टोपॅड पिवळाधमक झाला होता.

"संजू," जगदीशदादा बेंजोची वायर गुंडाळत म्हणाला, "त्याला सांग, हळद पुसायची नाय."

हेमंतदादा शेजारीच उभा होता.

"त्याला सांग, पुसतोय कोण?"