नुसती गोळी

“मॅडम, आईला कीमोच द्या. नुसत्या गोळीवर ठेवू नका,” जयेश म्हणाला आणि रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला.

मी कॅन्सरची डॉक्टर. घर डोंबिवलीत, ओपीडी घोडबंदर रोडला. शीळफाट्याच्या ट्रॅफिकमधून सुटून येईपर्यंत माझा निम्मा संयम संपलेला असतो. त्यात पहिल्याच पेशंटच्या मुलाने औषध सुचवलं की डोकं फिरतं. त्या दिवशीही फिरलं.

त्याची आई हिराबाई खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, साठीला टेकलेली, बाजारात मासळी विकणारी. स्तनातली गाठ ऑपरेशनने काढली होती. गाठ लहान, काखेत पसरलेली नव्हती, आणि ‘हार्मोन पॉझिटिव्ह’ होती. म्हणजे शरीरातल्याच इस्ट्रोजेन नावाच्या हार्मोनवर पोसली जाणारी. ही रसद तोडणारी एक गोळी असते. ती रोज, पाच वर्षं घ्यायची. कीमोचं काम वेगळं. ती झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारते. हिराबाईंची गाठ संथ होती. गाठीच्या तुकड्याची जनुकांची टेस्ट केली, तिचाही स्कोअर कमी आला. थोडक्यात, कीमोचा फायदा जवळजवळ नाही. केस गळणं, उलट्या, इन्फेक्शनची भीती मात्र पुरेपूर.

हे सगळं मी जयेशला समजावलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि पुन्हा कीमोच मागितली. मग माझा आवाज चढला.

“माझ्या काकीला पण हेच झालेलं,” तो खाली बघत म्हणाला. “तिला पण सांगितलेलं, गोळी बस आहे. गेली ना ती.”

माझा राग जागच्या जागी विरला. पोरगा हट्टी नव्हता, घाबरलेला होता. काकीची गाठ वेगळ्या जातीची असेल, असं काहीतरी मी सांगायला लागले. हिराबाई इतका वेळ गप्प होत्या. गिऱ्हाईक घासाघीस करून दमेपर्यंत थांबावं तशा त्या आमच्या दोघांकडे बघत होत्या.

“तिनी गोल्या कवाच सोरल्या व्हत्या,” त्या म्हणाल्या. “मना माहीत हाय.”

“म्हणजे?” जयेशने आईकडे वळून विचारलं.

मग हिराबाईंनी सांगितलं. दोघी जावा बाजारात एकमेकींना लागून बसायच्या. गोळी सुरू झाल्यावर जावेची बोटं आखडायला लागली. सकाळी मूठ मिटेना, मासळी कापायला कोयता धरवेना. दिवसभर बर्फात हात घालणाऱ्या कोळणींची बोटं दुखतातच, त्यामुळे घरच्यांनी बर्फाला दोष दिला. डॉक्टरांना सांगायचं कुणाच्या मनातही आलं नाही. जावेने मात्र चार दिवस गोळी बंद करून पाहिली, तर हात मोकळे झाले. तेव्हापासून घरच्यांसमोर ती गोळी तोंडात टाकायची आणि बाजारात आल्यावर मासळीच्या पाण्यात थुंकायची. कुणाला सांगायचं नाही म्हणून हिराबाईंना तिने एकवीरेची शपथ घातली होती. ती आज मोडली, म्हणून त्यांचे डोळे भरून आले.

काकीचा आजार तेवढ्यानेच परतला, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. पण गोळी फुकट गेली, असंही आता कुणाला म्हणता येत नव्हतं. बोटं आखडणं हा त्या गोळीचा नेहमीचा त्रास आहे, हे मी दोघांना सांगितलं. त्यावर व्यायाम आहे, बर्फात हातमोजे आहेत, आणि नाहीच सोसलं तर गोळी बदलता येते.

“फक्त मला न सांगता बंद करायची नाही, मावशी.”

“हात दुखले तं तुलाच सांगन, बाय,” त्या म्हणाल्या. “पन कीमो नको.”

जयेशने एकदाच विचारलं, “आई, नक्की घेशील ना?” त्यांनी मान हलवली आणि कीमोचा विषय तिथेच संपला.

हात अर्थातच दुखले. हिराबाई स्वतः उठून आल्या, बोटं माझ्यापुढे पसरली आणि थेट औषधकंपनीलाच ऐकवावी अशा शब्दांत तक्रार केली. मी गोळी बदलली. ती मानवली. पाच वर्षं पुरी झाली. त्या ठणठणीत आहेत, आणि बाजारात मला पापलेट निवडू देत नाहीत. स्वतः निवडून देतात.

कीमो द्यायची की हार्मोन रोखणारी गोळी, यावर आम्ही डॉक्टर तासन्‌तास खल करतो. तो करायलाच हवा. पण हल्ली निर्णय झाला की मी आणखी एक गोष्ट करते. पेशंटसोबत नवरा-मुलं आलेली असली, तरी पुढच्या वेळी कामावर तिच्या शेजारी जी बसते, तिला घेऊन या म्हणते.