सासूबाईंचा चोरटा भात

माझ्या सासूबाई भात चोरून खायच्या.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं. इतके दिवस हे घरातच ठेवलं होतं, आज सांगून टाकतो.

थोडं बॅकग्राउंड. बायको प्रज्ञा मलाजखंडला शाळेत शिकवते, शनिवारी येते. सासरे गेल्यावर तिच्या आई वारासिवनीहून आमच्याकडे, मध्य प्रदेशातल्या बालाघाटला राहायला आल्या. म्हणजे आठवडाभर घरात दोघंच. एक सासू, एक जावई. पुढच्या खोलीत माझं मोबाइल रिपेरिंगचं दुकान, मागे त्यांचं किचन.

जावयाने किचनमध्ये पाय ठेवायचा नाही, हा त्यांचा कायदा. पाण्याचा ग्लास मी स्वतः भरून घेतला तरी त्यांचा चेहरा उतरायचा.

मग शुगरचा रिपोर्ट आला.

डॉक्टर म्हणाले, "अम्मा, चावल बंद."

आईंनी पदर सावरला. "डॉक्टरसाब, आप कौन गाँव के हो?"

धानाच्या बालाघाटात कुणाला भात सोडायला सांगतो, म्हणजे हा माणूस बाहेरचा, हे त्यांनी तिथेच ठरवलं.

बरीच घासाघीस होऊन दुपारी एक वाटी मंजूर झाली. रात्री भाकरी. डॉक्टर माझ्याकडे वळले. "ध्यान आप रखोगे।" संध्याकाळी फोनवर प्रज्ञा रडली आणि म्हणाली, "बाबा असेच गेले. आईला सांभाळ."

झालं. मी पिशवी उचलली आणि कायदा मोडून किचनमध्येही शिरलो.

पहिल्या शॉपिंगमध्ये मी काय आणलं?

तीन फुलकोबी, कारण छान दिसत होत्या.
पाच किलो टमाटर, कारण सगळेच घेत होते.
आणि चिन्नोर तांदळाचं अख्खं पोतं, कारण वास फर्स्ट क्लास होता.

हो, तांदूळच. जिथे भात कमी करायचा होता त्याच घरात.

वरून तो नवा तांदूळ, त्याच हंगामातला. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, हे मला कुठे माहीत? भात असा शिजला की चमचा सोडेना.

आईंनी पातेल्यात डोकावून पाहिलं. "राहू द्या बापू. भीमजयंतीचे पोस्टर चिटकवाले कामी येईन."

रागावतानाही त्या मला अहो-जाहोच करायच्या. इतक्या मानाने माझा अपमान आजवर कुणी केला नाही.

मग मी यूट्यूब पाहून आठवड्याचा मेनू चार्ट बनवला. रंगीत प्रिंट काढून फ्रिजवर चिकटवला. आई चष्मा लावून बराच वेळ वाचत उभ्या राहिल्या.

"सोमवारी दोडका लिवला तुमी. बाजारात दोडकाच नसन तं?"

"असेल ना आई."

"अन् नसन तं?"

मी पेन काढून दोडका खोडला.

"डाळ घरात असते, तिचा वार लिवा. भाजीचा वार बाजारच ठरवते."

हे एक वाक्य यूट्यूबवर कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर माझं खरं ट्रेनिंग सुरू झालं. निघण्याआधी घरातले सगळे डबे उघडून पाहायचे. बाजारात पहिली चक्कर रिकाम्या हाताने मारायची, कशालाही हात लावायचा नाही. पालेभाजी आणली की आधी ती संपवायची, कोहळं थांबू शकतं. मी भाकरी थापायला लागलो. आई दाराकडे पाहत म्हणायच्या, "दार लावून घ्या. लोक म्हणतीन, जावयाले भाकरी थापाले लावली."

सगळं मोजून-मापून चालू होतं. तरी शुगर उतरेना.

मी डाळ बदलली, तेल कमी केलं, बटाटा बंद केला. शुगर तिथेच. मी टेन्शनमध्ये. प्रज्ञा रोज फोनवर विचारायची आणि मी काय सांगणार?

एका दुपारी शेजारच्या काकूंचा मोबाइल द्यायला त्यांच्या घरी गेलो. समोर आई. पुढ्यात ताट. ताटात भाताचा डोंगर, वर पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, दाण्यांची रस्साभाजी.

रोज दुपारी "विरजण आणतो" म्हणून जायच्या त्या ह्याच्यासाठी! आमच्याकडे विरजण कधीच कमी नव्हतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. डबे उघडून पाहायचे ना.

आईंनी घाईने डोक्यावर पदर घेतला. मग एकदम सावरून म्हणाल्या, "या बापू, बसा. जेवून घ्या."

काकूंनी मलाही वाढलं. मी काय करणार, बसलो. भाजी जबरदस्त होती.

घरी येताना मी विचारलं, "आई, काहून असं करता?"

त्या म्हणाल्या, "एका वाटीनं पोट भरते बापू, पण जेवल्यासारखं नाई वाटत."

मला खूप वाईट वाटलं. म्हणून नवा तह झाला. वाटी तीच, पण आधी भरपूर भाजी, मग डाळ, भात सगळ्यात शेवटी, सावकाश. आणि जेवताना मी समोर बसायचं, दुकान बंद ठेवून. एकटीने जेवताना त्यांना जास्त भात लागायचा, हे मला तेव्हा कळलं.

तीन महिन्यांत शुगर उतरली. आई रिपोर्ट घेऊन अख्ख्या मोहल्ल्यात फिरल्या.

पण किडनी आधीच गेली होती.

शेवटच्या वेळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. "अब अम्मा का जो मन करे, खिलाओ।"

आईंना घरी सोडून मी थेट बाजारात गेलो. उत्तम, जुना चिन्नोर आणला. मोकळा भात शिजवला आणि ताट भरून वाढलं.

आईंनी ताट जवळ ओढलं.

"आज इतला काहून?"

मी म्हणालो, "रिपोर्ट चांगला आला."

"हौ का." मग भात कालवत म्हणाल्या, "प्रज्ञाले बलावून घ्या बापू. शनवारची वाट नका पाहू."

चार घास गेले. ताट त्यांनी बाजूला सरकवलं.

जावयाने सासूच्या ताटातलं उष्टं खायचं नसतं. मी तिथेच बसून तो सगळा भात खाल्ला, रडत रडत. त्या पाहत होत्या. त्यांनी मला एकदाही अडवलं नाही.

आई, तुमच्या जावयाचा जय भीम घ्या.