काचेच्या कडेवरची पेन्सिल

नाना गेल्याचा निरोप आला तेव्हा मी धुळ्याच्या आमच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलो होतो. हातातली काच पुरी पाहिली, रिपोर्ट लिहिला, मगच उठलो. ही शिस्त त्यांचीच... एरंडोलला त्यांच्या घरी पोहोचलो तोवर सगळं आटोपलं होतं.

मी पदवी घेऊन लॅबमध्ये लागलो तेव्हा नाना तिथले जुने तंत्रज्ञ. रक्ताचा थेंब काचेवर पसरला की तिच्या कडेवर रुग्णाचा नंबर ते पेन्सिलनेच घालत. मी मार्कर वापरायचो.

"भाऊ, पेन्सिल ले. शाई वाही जास."

"नाना, जमाना मार्करचा आहे."

"जमानाले स्पिरिट लागनं म्हणजे तोबी वाही जास!"

तापाच्या साथीत एका दुपारी नाना जेवायला गेले असताना माझ्या दोन काचा स्पिरिट आणि रंगातून निघाल्या त्या बिननंबराच्या; मार्करची शाई धुऊन गेली होती. एकीत मलेरियाचे जंतू स्पष्ट दिसत होते. दोन्ही मुली शिरपूरकडच्या पाड्यांवरच्या, केव्हाच परतलेल्या. त्यांना पुन्हा बोलवायचं तर चूक कबूल करावी लागली असती. मी अंदाजाने नंबर घातले... पेन्सिलने.

तीन दिवसांनी त्यांतली एक बेशुद्धावस्थेत आली. माझ्या रिपोर्टात तिला मलेरिया नव्हता. ती वाचली, पण फार हाल सोसून. डॉक्टरांनी काचा टेबलावर ठेवून विचारलं, "कोणाचं काम हे?" मी खाली बघत राहिलो.

"काच मनी शे, सायेब," म्हणत नानांनी माझी चूक स्वतःवर घेतली.

बाहेर आल्यावर मला एवढंच म्हणाले, "तुनी नोकरी नवी शे." त्यांना सूक्ष्मदर्शकावरून उठवून रक्त घ्यायच्या खिडकीत बसवलं, ते निवृत्तीपर्यंत. त्यांची खुर्ची मला मिळाली.

गेल्या दिवाळीत त्यांना भेटायला गेलो, तेव्हा धीर करून म्हणालो, "नाना, त्या दोन काचा..."

"चहा थंडा व्हई ऱ्हायना," ते म्हणाले.

मी चहा प्यालो. सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

त्यांची बोटभर उरलेली पेन्सिल माझ्या खणात होती. परवा नव्या लागलेल्या मुलीला ती दिली. "पेन्सिलच का, सर?" तिने विचारलं. दरवेळी मी शाईचं कारण सांगून थांबतो. या वेळी सगळं सांगितलं. तिने पेन्सिल टेबलावर ठेवली.

"मग नानांची खुर्ची कुठली, सर?"

मी त्याच खुर्चीवर बसलो होतो.