गावंडेबाई आणि गोठलेली लस

सिस्टर वर्षालीने गीतांजली गावंडेंना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या लसीच्या फ्रिजपाशी कागदाचा कपटा घेऊन उभ्या होत्या. कपटा दारात धरून त्यांनी दार लावलं आणि ओढून पाहिला. तो अलगद निघून आला. मूर्तिजापूरजवळच्या त्या आरोग्य केंद्रात पर्यवेक्षिका म्हणून त्यांचा तो पहिलाच दिवस.

"दाराचं रबर सैल हाय. कधीपासून?"

सगळ्या सिस्टर खाली पाहू लागल्या.

"कोनं केलं ते नाही विचारून राहिली वो मी. कधीपासून, तेवढं सांगा."

तरी एकीने रजिस्टर उघडलं, दुसरी सुया मोजू लागली. आधीचे साहेब सोमवारच्या बैठकीत एकेकीला उभं करून तिच्या चुका वाचून दाखवत. नऊ वर्षांच्या नोकरीत वर्षाली झाकायला शिकली होती. बंद पडलेलं बीपीचं यंत्र तिनेच कपाटात मागे सारलं होतं.

दोन महिन्यांनी एका मंगळवारी लसीचा डबा भरायचं काम तिच्याकडे आलं. फ्रीजरमधले आइसपॅक घाम फुटेपर्यंत बाहेर ठेवायचे असतात, नाहीतर लस गोठते. पण बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. तिने ते तसेच डब्यात घातले. गावात जाऊन डबा उघडला, तर पेंटा, म्हणजे पाच रोगांवरच्या लसीच्या दोन्ही बाटल्यांत बर्फ. ही लस एकदा गोठली की टोचून उपयोग नाही. समोर चौदा लेकरं. बाटल्या मुठीत धरल्या असत्या तर वितळल्या असत्या, आणि कोणाला कळलंही नसतं.

तिने मूठ मिटलीही. मग उघडली आणि गावंडेबाईंना फोन लावला.

"मॅडम, माह्याकडून चूक झाली. लस गोठली."

"लेकरू टोचलं का एखादं?"

"नाही."

"मंग रडू नको. बाया उठू देऊ नको, मी येऊन राहिली."

तासाभरात गावंडेबाई दुसरा डबा घेऊन स्कूटीवर हजर. नातवाला मांडीवर घेतलेल्या माणिकबाई कडाडल्या, "सकायपासून बसून राहिलो आमी! झोप लागली होती का तुमाले?"

"चूक आमचीच हाय, आजी. औषध खराब झालं होतं, नवं आनलं."

"मंग चहा पाजा!"

"पाजते. दूध तुमच्या म्हशीचं."

चौदाही लेकरांना लस मिळाली.

अहवालात बाईंनी वर्षालीचं नाव लिहिलं; लपवलं नाही. खाली आणखी एक ओळ लिहिली: गाडी साडेआठला येते, आइसपॅकला वेळ मिळत नाही, यापुढे नऊला बोलवावी. त्याखाली स्वतःची सही केली. दुसऱ्या दिवशी वर्षालीने बीपीचं यंत्र कपाटातून काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. मग बाकीच्याही एकेक गोष्ट सांगायला लागल्या; फ्रिजचं रबर कधीपासून सैल होतं, तेही कळलं. वर्षअखेरीस तालुक्यात सर्वांत जास्त चुका याच केंद्राच्या नोंदीत निघाल्या. वरच्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. चुका आधीही होत्या, आता लिहिल्या जातात, असं बाईंनी त्यांना दोन पानी उत्तर पाठवलं, आणि कोणावरही आवाज न चढवता काम चालू ठेवलं.

मागच्या उन्हाळ्यात बाईंची वरूडला बदली झाली. सध्या त्या तिथे भाड्याच्या खोलीत राहतात आणि शनिवारी चांदूर रेल्वेला आईकडे जातात.