तांडेलच्या बदल्यात

किहीमजवळच्या कोळीवाड्यात तुळशी सुकी मासळी विकते. वय सत्तावन्न. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन उरणला असते. घरात ती आणि एक कुत्रा, एवढंच. पिल्लू असताना तो किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीच्या टोकावर चढून बसायचा आणि होडी हाकणाऱ्या तांडेलासारखा समुद्राकडे बघत राहायचा, म्हणून त्याचं नावच तांडेल पडलं. तांबडा रंग, पुढचा डावा पाय पांढरा.

बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत घातले की राखण तांडेलची. कावळे, मांजरं आणि शनिवार-रविवारचे पाहुणे, तिघांवर त्याची नजर. सात वर्षांत तो कुणाला चावला नाही. पण वाळत टाकलेल्या जवळ्यावरून कुणी चपला घालून चाललं, की तो माणूस बाजूला होईपर्यंत भुंकायचा. मागच्या माडांच्या वाडीत नवीन बंगला झाला. त्याच्या मालकीणबाई महिन्यातून दोनदा मुंबईहून यायच्या. त्यांना ते भुंकणं सोसेना. पण तुळशीच्या दारात येऊन त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी मासळीला गिऱ्हाईक नसतं, म्हणून तुळशी लेकीकडे गेली होती. दुसऱ्या दिवशी आली तर तांडेल नाही. कोळीवाड्यातले आणखी चार कुत्रेही नाहीत. बंगल्याची राखण करणारा विनेश तिच्या दिराचा मुलगा. तिनं त्याला विचारलं.

"मला काय म्हाईत, काकी," तो म्हणाला. "गेला असंल कुठंतरी."

नऊ दिवस तुळशी किनाऱ्यानं आणि माडांच्या वाड्यांतून हाका मारत फिरली. नवव्या दिवशी शेजारच्या सुचितानं दार लोटून घेतलं आणि खाली बघत सांगितलं, "काकी, जाळीचा टेम्पो आलेला. विनेशच दाखवत होता, कुठल्या घरचा कुत्रा कुठला ते."

"नऊ दिवस तू गप बसलीस?"

"ह्यांना बंगल्यावर काम मिळतं," सुचिता म्हणाली आणि रडायला लागली.

तिच्या रडण्याकडे बघायला तुळशी थांबली नाही. ती तशीच बंगल्याच्या फाटकावर गेली. विनेशनं मान खाली घातली.

"मॅडमनी टेम्पो बोलावला, काकी. मारलं न्हाय. म्हसळ्याच्या वाटेला जंगलात सोडलेत. जगतील कायतरी खाऊन."

"कोण घालंल त्यांना खायला? तू ताट वाढून ठेवलंस?"

दुसऱ्या दिवशी सुचिताच्या फोनमधला तांडेलचा फोटो छापून घेऊन तुळशी अलिबागहून एसटीनं निघाली. म्हसळ्याच्या अलीकडे रस्त्याकडेला सत्यवती नावाच्या बाईची चहाची टपरी आहे. तिनं फोटो हातात घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही.

"पांढऱ्या पायाचा. चार-पाच दिवस हितंच होता. बिस्कीट टाकलं तरी तोंड लावीना. एसटी थांबली की उठायचा आनी उतरणाऱ्यांची तोंडं बघायचा." मग ती हळूच म्हणाली, "मंगळवारी डंपरखाली आला, बाय. मागं काजूच्या झाडाखाली पुरलाय मी."

तुळशी त्या मातीजवळ बसली. मंगळवार तिच्या लक्षात होता. त्या दुपारी विनेश तिच्याच ओट्यावर बसून सुक्या वाकट्यांचं कालवण जेवला होता आणि बोटं चाटत म्हणाला होता, येईल काकी, कुत्री येतात माघारी.

परत आल्यावर तिनं सुचिताकडून तक्रारीचा अर्ज लिहून घेतला. आता सुचिता नाही म्हणाली नाही. चौकीतल्या हवालदारानं अर्ज न वाचताच बाजूला सारला. "कुत्रं हरवलं म्हणून कोण केस करतं, मावशी?"

"हरवला न्हाय. नेला. हरवणं आनी नेणं एकच हाय का?"

ती दोन दिवस चौकीच्या बाकावर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी अर्जावर शिक्का पडला.

चार दिवसांत विनेश एक खोका घेऊन दारात आला. आत सोनेरी पिल्लू, गळ्यात लाल रिबीन. "मॅडमनी पाठवलंय. भारी जातीचं हाय. म्हणाल्या, आता अर्ज मागं घ्या."

तुळशी म्हणाली, "तांडेल काय माझी फुटलेली कळशी व्हती, नवी आणून दिली की झालं? ने हे माघारी."

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरताना तोच खोका घेऊन तो कुंपणाशी उभा दिसला. "मॅडम मुंबईला गेल्या. म्हणाल्या, तिला नको असंल तर कुठंही सोड."

"कुठंही म्हंजे?"

विनेशनं रस्त्याकडे बघितलं. तुळशीनं त्याच्या हातातून खोका ओढून घेतला. पिल्लू तिचे हात चाटायला लागलं.

"हे माझ्याकडं राहील," ती म्हणाली. "आनी तू ग्रामसभेत उभा राहून सगळं सांगशील."

"नोकरी जाईल, काकी."

"जाऊ दे."

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ती पिल्लू काखेत घेऊनच गेली. एक सदस्य हसत म्हणाला, "आता नवं मिळालं की. मिटवून टाका."

"हे मी घेतलं, कारण ह्यालाबी रस्त्यावर टाकणार व्हते. ह्याचा आनी अर्जाचा काय संबंध न्हाय. माझ्या घरातला एक जीव उचलून नेला, आनी तुम्ही मला मिटवायला सांगता?"

मागून विनेश उठला आणि टेम्पो कुणी बोलावला, कुत्रे कुणी दाखवले, सगळं सांगितलं. स्वतःचं नावही लपवलं नाही. वाडीतलं कुत्रं कुणीही परस्पर हलवायचं नाही, असा ठराव त्या दिवशी झाला. बाकीच्या चार कुत्र्यांचा मात्र पत्ता लागला नाही. विनेशची नोकरी गेली. आता तो मामाच्या होडीवर जातो. येताजाता तुळशीला हाक मारतो, ती ओ देते, पण त्याला अजून जेवायला थांबवत नाही.

पिल्लाचं नाव हळद्या. राखणीच्या नावानं शून्य. कावळ्यांना बघून शेपूट हलवतो आणि बोंबील स्वतःच ओढून खातो. अंगावर एवढी लोकर, उन्हात जीभ बाहेर काढून धापा टाकतो. असं थंड हवेचं जनावर इथल्या दमट उन्हात विकत आणणाऱ्यांचाही तुळशीला राग येतो. त्याच्या अंगाखाली ओलं पोतं सरकवताना ती त्यांना मनसोक्त शिव्या घालते.

अर्जाचं अजून काही झालेलं नाही. दर सोमवारी बाजाराला जाताना ती चौकीत शिरते आणि अर्जाचा नंबर तोंडपाठ सांगते. हवालदार खुर्ची पुढे करतो.

"बसायला न्हाय आले," ती म्हणते. "पुढं काय केलंत ते सांगा."