शमीमचाचीचा सोनटक्का

आज सकाळी शमीमचाची गेली.

हिनं एकदा आमच्या अख्ख्या सोसायटीला नडून दाखवलं होतं.

सांगलीत आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर राहायची. ब्लाउज शिवायची.

चाचांना पॅरालिसिस झाला, तेव्हा त्यांची कॉट तिनं मागच्या खिडकीपाशी लावली. बाहेर कंपाउंडची भिंत, वरून लोकांनी टाकलेला कचरा. आणि बारा महिने सावली.

चाचीनं कचरा उचलला. गुलाब लावला, मेला. मोगरा लावला, नुसता पाला.

मी म्हटलं, "चाची, इथं ऊनच येत नाही. सोड नाद."

"माझा माणूस दिवसभर तितंच बघतोय, पोरी. सोडू कसा?"

मग पाचगणीच्या बहिणीकडनं सोनटक्क्याचे कंद आणले. त्याला सावली चालते, फक्त ओल पाहिजे. पावसाळ्याच्या तोंडाला लावले. कमरेएवढा वाढला. दसरा गेला, दिवाळी गेली.

फूल नाही.

उन्हाळ्यात सोसायटीनं ठरवलं, तिथं पेव्हर ब्लॉक टाकून टू-व्हीलर पार्किंग करायचं. गवंडी आले तर चाची वाफ्यासमोर स्टूल टाकून बसलेली. मांडीवर ब्लाउज, हुक लावत होती.

चेअरमनकाका वैतागले. "अहो, फूल तरी येतंय का त्याला?"

"येईल. एक पावसाळा द्या. न्हाई आलं तर मीच खणून देते."

काकांनी खिडकीकडं बघितलं. चाचा आतून त्यांच्याकडंच बघत होते.

काकांनी गवंड्यांना परत पाठवलं.

नवरात्रात फुलला. पांढरीशुभ्र, फुलपाखरासारखी फुलं. संध्याकाळी वास पार तिसऱ्या मजल्यावर.

चाचांनी बोलणं जवळजवळ टाकलं होतं. त्या संध्याकाळी जड जिभेनं म्हणाले, "शमीम, खिडकी पुरी उघड."

मला सांगताना चाची हसत होती. "बोलले गं. लय दिसांनी."

चाचा गेल्यावरही तिनं वाफा सोडला नाही. फुलून गेलेला दांडा जमिनीलगत कापायचा, पालापाचोळा मुळाशी घालायचा. मला हाताला धरून शिकवलं.

आत्ता बहर भरात आहे. दुपारी कबरस्तानात न्यायला तिच्या मुलाकडं परडीभर फुलं दिली.

पुढच्या पावसाआधी कंद वेगळे करणार आहे. कुणाकडं ऊन न येणारा कोपरा असेल तर सांगा, देते. पहिल्या वर्षी फुललं नाही म्हणून उपटायचं नाही, एवढीच अट.

चाची, निवांत झोप.

वाफ्याचं मी बघते.