पट्ट्यावरची जाळी

मुलांनो,

मागच्या आठवड्यात आपल्या धाकट्या नातीचे पत्र आले. बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर रुजू झाली. कारखान्याच्या आवारातच बाळासाठी खोली आहे, दुपारी जाऊन त्याला पाजता येते, असे तिने लिहिले आहे. शेवटी तिने विचारले, "आजी, तुमच्या वेळी याचा कुणी विचार तरी करत होतं का?" त्या प्रश्नाला उत्तर म्हणून हे लिहायला बसले.

आजोबा असते तर त्यांनीच सांगितले असते. फौजदार म्हणून त्यांनी पुष्कळ तपास केले, पण घरी त्यांच्या बोलण्यात परत परत यायचा तो हाच. त्या तपासात एक सकाळ मीही ठाण्यात बसले होते, त्यामुळे माझ्याही मनातून तो कधी गेला नाही. कोणाचे नाव मात्र लिहिणार नाही. आजोबांचा तसा शिरस्ता होता.

लढाई संपली होती आणि स्वातंत्र्य अजून यायचे होते. आजोबांची बदली कर्जतला झाली होती. ठाण्याच्या मागेच आमचे क्वार्टर होते, त्यामुळे सकाळची हजेरी आणि जमादारांचे ओरडणे स्वयंपाकघरात ऐकू येई. कडावच्या वाटेवर भाताची एक गिरणी होती. मालक मुंबईला राहायचे आणि कारभार मॅनेजर व मुकादम पाहायचे. इंजिनापासून भात सडायच्या यंत्रापर्यंत एक रुंद पट्टा फिरायचा. त्याच्यापुढे लोखंडी जाळी असलीच पाहिजे, असा कायदा होता.

एके दिवशी गिरणीतली कडावची एक तरुण बाई जखमी झाली. भाताची पाटी यंत्रात ओतताना तिचा तोल गेला, हात पट्ट्यात सापडला आणि उजव्या हाताची बोटे गेली. दवाखान्यातून ठाण्याला वर्दी आली. आजोबा पंचनाम्याला गेले तेव्हा जाळी जागेवर होती. मॅनेजरने जबाब दिला, "त्या बाईनं सकाळी स्वतःच जाळी काढली होती. अपघातानंतर आम्ही परत बसवली." दवाखान्यात त्या बाईला विचारले, तर ती छताकडे पाहत म्हणाली, "व्हय. मीच काढली."

कामावर असताना इजा झाली तर मालकाने नुकसानभरपाई द्यावी, हा कायदा तेव्हाही होता. त्याचे पुस्तक इंग्रजीत होते. आजोबा अशी कलमे मला वाचायला देत आणि मी त्यांना मराठीत अर्थ सांगे. त्यात एक अट होती. कामगाराने संरक्षणाचे साधन जाणूनबुजून स्वतः काढले असेल, तर अशा इजेबद्दल त्याला काही मागता येत नाही. ती बाई विधवा होती आणि घरी फक्त म्हातारी आई होती. त्या एका वाक्याने ती आपल्या हातानेच आपला हक्क सोडून देत होती.

जमादार म्हणाले, "साहेब, कबुली आहे, साक्षीदार आहेत. कागद पुरा झाला."

आजोबांनी कागद पुरा केला नाही. त्याला कारण दवाखान्याचे डॉक्टर. ते संध्याकाळी आमच्याकडे चहाला आले आणि सहज बोलून गेले, "चमत्कारिक बाई आहे. पट्टी बदलताना हूं की चूं करत नाही. पण तुमच्या शिपायानं जाळी परत बसवल्याचं सांगितलं, तशी ढसाढसा रडली."

जेवताना आजोबा बराच वेळ भात नुसता कालवत राहिले. मग म्हणाले, "जी जाळी असती तर हात वाचला असता, ती जागेवर आली म्हणून कोणी रडेल का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी गिरणीतल्या बायकांना ठाण्यात बोलावले. तेव्हा ठाण्यात महिला पोलीस कुठून असणार? बायका पुरुषांपुढे मोकळ्या होत नाहीत, म्हणून त्यांनी मला बाकावर बसायला सांगितले. बायका आल्या त्या कडेवर पोरे घेऊनच. एकेकीला पुढे बोलावले, तर प्रत्येकीचा जबाब अक्षरशः एकच.

"तिनं सकाळी येऊन जाळी काढली. आमी काय बगितलं नाय."

जमादार वैतागले. "बघितलं नाही, मग तिनं काढली हे कसं समजलं गं?"

"तुमी नाय का जमादार, न बगता कुनालाबी धरता?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. हसणे ओसरल्यावर पुन्हा तोच जबाब. पढवलेला जबाब असा असतो, असे आजोबा म्हणत. खरे बोलणाऱ्या दोघांचे जबाब कधीच इतके जुळत नाहीत.

"पोरांना गिरणीत कुठं ठेवता?" त्यांनी विचारले.

"झोळीत. आनि कुठं ठेवनार, सायेब?"

एवढ्यात एकीचे मूल खाली उतरायला धडपडू लागले. तिने ते फरशीवर सोडले, तसे बाकीच्यांनीही आपापले सोडले. त्यानंतर जे झाले ते मी कधी विसरणार नाही. ती रांगती पोरे दाराकडे गेली नाहीत, आयांकडे वळली नाहीत. एकामागून एक सरळ कोठडीकडे गेली. गज धरून उठली आणि रांगेत उभी राहून, एका गजावरून दुसऱ्या गजावर हात टाकत आडवी चालू लागली. आत दारू पिऊन धिंगाणा घातलेला एक गडी बसला होता. तो बिचारा त्यांना तोंडे करून दाखवू लागला आणि पोरे खिदळू लागली.

"साहेब," जमादार म्हणाले, "आजवर इथं कुणी आपल्या पायानं गेलं नव्हतं."

सगळे हसले, पण मला हसू आले नाही. तेव्हा मला मूल नव्हते, तरी माझ्या बहिणींची मुले मी वाढताना पाहिली होती. नव्या जागी मूल आधी आईला चिकटते. ही पोरे मात्र ओळखीच्या ठिकाणी आल्यासारखी गजांना धरून होती. मी आजोबांना हळूच म्हटले, "अहो, ही मुलं झोळीत वाढलेली नाहीत. यांना जाळीची सवय आहे."

आजोबांनी माझ्याकडे पाहिले, मग पोरांकडे. पहिले मूल जिने खाली सोडले होते, तिच्याजवळ ते गेले आणि आवाज न चढवता म्हणाले, "बाई, झोळीतलं पोर असं चालायला कुठं शिकलं?"

ती एकदम खाली बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी आले.

हकीकत अशी होती. तान्हे मूल झोळीत झोपते, पण रांगू लागलेले मूल झोळीत राहत नाही. पटांगणात बायका भात वाळायला पसरत आणि तिथेच बैलगाड्या येत. त्यातल्या एकीच्या चाकाखाली हिचे मूल जाता जाता वाचले होते. त्या दिवशी तिने मुकादमाचे पाय धरले. मुकादमाने पाना दिला आणि तिने पट्ट्यापुढची जाळी सोडवून ओसरीच्या कोपऱ्यात आडवी बांधली. तेव्हापासून पोरे जाळीच्या आत आणि पट्टा उघडा. मॅनेजर रोज तिथून जात होता. अपघात झाल्यावर त्याने बायकांना सांगितले, "तिनंच काढली म्हणा. नाहीतर लेकुरवाळी एकही कामावर राहणार नाही." आणि जखमी बाईला सांगितले, "तू कबूल झालीस तर ह्यांची कामं राहतील."

"तिनं जाळीला हातबी लावला नवता, सायेब," ती आई म्हणाली. "तिला पोरच नाय."

आजोबा मला घेऊन दवाखान्यात गेले. त्यांनी कडावच्या बाईला विचारले, "दुसऱ्याची चूक अंगावर का घेतलीस?"

ती शांतपणे म्हणाली, "माजी बोटं तर गेली. ती काय परत येनार हायेत? त्या पोरांच्या आयांची कामं तरी ऱ्हाऊ द्या. जाळी पट्ट्याला गेली, आता पोरं परत गाड्यांम्होरं जातील."

"आणि तू काय खाशील?"

तिने पट्टी बांधलेला हात पदराखाली घेतला. मी तिच्या डाव्या हातावर हात ठेवला. तिने तो काढून घेतला नाही. मग मी तिला ते कलम साध्या भाषेत सांगितले. हक्क जातो तो स्वतः जाळी काढणाऱ्याचा. तू काढली नाहीस. जाळी जागेवर ठेवायची जबाबदारी गिरणीची होती, तुझी नव्हती.

"मंग तिला धरतील ना?" तिने विचारले. ती पोराच्या आईबद्दल विचारत होती.

"पाना कुणी दिला ते मी आधी विचारणार आहे," आजोबा म्हणाले.

जबाब नव्याने घेतले गेले. पोराच्या आईने काम जाईल हे माहीत असून सगळे सांगितले. मुकादमाने पाना दिल्याचे कबूल केले, तेव्हा मॅनेजरला बोलायला जागा उरली नाही. आजोबांचा अहवाल कारखाने निरीक्षकांकडे गेला आणि कडावच्या बाईचा भरपाईचा दावा मंजूर झाला. एवढ्या लहान गिरणीला मुलांसाठी वेगळी जागा देण्याचे बंधन नव्हते. पण भाताच्या गाड्या येऊन उभ्या होत्या आणि बायका आपणहून ठाम राहिल्या. "जाळी पट्ट्याला ऱ्हाऊ दे. पोरांना कठडा करा, मंग आमी भात पसरू." मालकांनी सुतार लावला. पाटी उचलणे जमत नव्हते म्हणून कडावच्या बाईला पोरे सांभाळायच्या कामावर घेतले. त्या आईचेही काम राहिले.

आजोबा पुढे नव्या फौजदारांना सांगत, गुन्हा नाकबूल करणाऱ्यापेक्षा झटकन कबूल करणाऱ्याला जास्त प्रश्न विचारा. तो कशाला तरी पाठीशी घालत असतो, आणि कधीकधी ती चांगली गोष्ट असते. मला त्यातून इतकेच कळले की, कायदा माणसाचा हात वाचवायला सांगतो, पण त्या हातांना मूलही सांभाळायचे असते, हे कोणीतरी सांगावे लागते.

धाकटे, विचार करणारी माणसे होती. ती भात पसरत होती.

कडावची ती बाई आता नाही. गिरणी कधीच बंद झाली. तिच्या ओसरीतला सागवानी कठडा अजून आहे. त्याच्या वरच्या दांडीवर इवल्या दातांच्या खुणा आहेत.